‘श्यामची आई’ भेट देण्याआधी

माझ्या भाच्याच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात ‘श्यामची आई’ पडून आहे. ती मीच दिलेली. त्याच्या आठव्या वाढदिवसाला, पहिल्या पानावर ‘खूप वाच, मोठा हो’ असं लिहून. त्यानंतर दादाकडे गेले की मी त्याला दोन प्रश्न विचारायचे : वाचलंस का, आणि काय शिकलास? तिसऱ्या खेपेला तो मला फाटकात बघूनच गच्चीवर पळाला. वहिनी हसून म्हणाली, “आत्या आली की त्याला परीक्षा आल्यासारखं वाटतं.”

मला राग आला. पुस्तकाचा नाही, पोराचाही नाही; माझाच. कारण लहानपणी मला कुणी असं विचारलं असतं, तर मीही पळाले असते. म्हणून मी ते पुस्तक परत घरी आणलं आणि पुन्हा वाचायला घेतलं. भेट म्हणून मुलांना सगळ्यात जास्त दिलं जाणारं हे मराठी पुस्तक मुलांनी वाचावं म्हणून आपण जे काही करतो, त्याबद्दल खुद्द ते पुस्तक काय म्हणतं, हे मला बघायचं होतं.

पुस्तकातल्या रात्री

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ते १९३५ साली छापून आलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर सिनेमा काढला आणि देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. हे सगळं आपल्याला सामान्यज्ञान म्हणून पाठ असतं. पुस्तकाची रचना मात्र आपण विसरून जातो.

या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. एका आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम बोलायला लागतो. भोवती मित्र बसलेले असतात. तो आईच्या आठवणी सांगतो, ते ऐकतात, मध्येच कुणी काही बोलतं, कधी कुणाचे डोळे भरून येतात, आणि मग सगळे झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी रात्रीची वाट बघतात.

म्हणजे मराठीतलं मुलांचं सगळ्यात मोठं ‘वाचनाचं’ पुस्तक हे मुळात ऐकण्याचं पुस्तक आहे. कुणीतरी सांगतंय, कुणीतरी ऐकतंय, आणि एका बैठकीत एकच गोष्ट होतेय. श्यामच्या मित्रांना कुणी पुस्तक हातात देऊन कोपऱ्यात बसवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी विचारत नाही, की कालच्या रात्रीचं तात्पर्य पाच ओळींत सांगा.

आपण मात्र हेच पुस्तक एकट्या मुलाच्या हातात ठेवतो आणि दार लावून घेतो. बेचाळीस रात्रींचा ऐवज ‘सुट्टीत संपव’ म्हणून देतो. ज्या पुस्तकाच्या पानापानावर माणसांची सोबत आहे, ते वाचताना मूल एकटं पडतं.

पोहणं आणि वाचणं

या पुस्तकातला पोहण्याचा प्रसंग ठाऊक नाही असा माणूस विरळा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला पाठवतेच. नंतर त्याला जवळ घेते. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं असतं.

आई-बापांना हा प्रसंग फार आवडतो, आणि त्यातून ते वाचनाचा धडा घेतात : धरून ढकललं की मूल पोहायला लागतं, तसं वाचायलाही लागेल. इथे एक गफलत आहे. पोहायला येणं आणि पोहावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ढकलून येते, कारण पाण्यात पडल्यावर हातपाय मारण्यावाचून गत्यंतर नसतं. दुसरी ढकलून येत नाही.

वाचनाचंही तसंच. अक्षरं जुळवणं, जोडाक्षर न अडखळता म्हणणं, ओळ न हरवता पुढे जाणं, याला सराव लागतो. तो करून घ्यावा लागतो, थोडा नेटही लावावा लागतो. ज्या मुलाला ‘व्यवस्था’ हा शब्द फोडून वाचताना घाम फुटतो, त्याला वाचनाचा आनंद घे म्हणणं ही थट्टा आहे. आधी त्याला वाचता आलं पाहिजे. पण वाचता यायला लागल्यावरही तीच छडी हातात ठेवली, तर मूल शाळा सुटल्या दिवशी पुस्तक सोडतं. आपल्या ओळखीत अशी किती तरी शिकलेली माणसं आहेत. झराझरा वाचू शकतात, पण शेवटचं पुस्तक कधी वाचलं ते त्यांना आठवत नाही. त्यांना पोहायला येतं, पण नदीवर ती कधी जात नाहीत.

याच पुस्तकात पुढे आणखी एक प्रसंग आहे, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. श्याम पैसे चोरतो. कशासाठी? पुस्तकासाठी. मोठी माणसं खूप वाचतात, आपल्यालाही वाचायचंय, आणि हातात दमडी नाही, म्हणून तो घरी आलेल्या पाहुण्याचे पैसे काढतो आणि पकडला जातो. आपण हा प्रसंग ‘चोरी करू नये’ या शिकवणीखाली टाकून मोकळे होतो. मला मात्र आता त्यात दुसरंच काही दिसतं. पुस्तकाची भूक लागलेलं हे पोर आहे आणि घरात पुस्तक नाही. चूक श्यामची आहे, हे आईने बरोबर सांगितलं. पण पालक म्हणून हा प्रसंग वाचताना आपण स्वतःला विचारायला हवं : माझ्या घरात पोराला ‘घेऊ का’ असं न विचारता उचलता येईल असं एक तरी पुस्तक आहे का? की ती काचेच्या कपाटात आहेत, किल्ली लावून, ‘फाडशील’ म्हणून?

गेवराईची ऑक्टोबर

आता जरा आमच्याकडे येऊ.

गेवराई म्हणजे बीड जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक. वरच्या अंगाला गोदावरी, गावाजवळून धुळे-सोलापूर महामार्ग, शिवारात कापूस आणि ऊस. तालुक्यात गढीला साखर कारखाना आहे. तरीही ऊसतोडीला बाहेरगावी जाणारी माणसं याच तालुक्यातून दरवर्षी निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात. तिथे पाचटाच्या कोपीत राहतात. हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात.

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. शाळाशाळांत मुलं हातात पुस्तक धरून ओळीत बसतात, फोटो निघतात. आमच्याकडे त्याच दिवसांत टोळ्यांची बांधाबांध चालू असते. ज्या पालकांनी मुलांना वाचनाची गोडी लावावी असं भाषणात सांगितलं जातं, ते पालक पीठ, भांडी आणि कोयते बांधत असतात. काही लेकरं त्यांच्याबरोबर जातात. काही आजी-आजोबांकडे मागे राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना असते.

मी मागे राहणाऱ्यांपैकी होते. आई-अण्णा गेले की मी आजीकडे. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं.

म्हणून वाचनसंस्कृतीवरचे लेख वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्यांत लिहिलेलं असतं : पालकांनी स्वतः वाचावं म्हणजे मुलं वाचतील, झोपताना मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, घरात वाचनाचा कोपरा करावा. सल्ले चांगलेच आहेत, खोटे नाहीत. पण त्यांत एक घर गृहीत धरलेलं आहे. त्या घरात आई-बाप रात्री हजर आहेत, त्यांना वाचता येतं, आणि घराला चार कोपरे आहेत. ज्या घरात यातलं एकही नाही, तिथलं मूल वाचनाला मुकणार, असंच या सल्ल्यांतून न बोलता सांगितलं जातं.

ते खरं नाही. हे मी आजीमुळे सांगू शकते.

पोथी आणि पारायण

आमच्या गल्लीत श्रावणात पोथी लागायची. कधी ‘पांडवप्रताप’, कधी ‘भक्तिविजय’, कधी ‘नवनाथ भक्तिसार’. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. पंधरा-वीस माणसं बसायची, त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नसे. आजी सगळ्यात पुढे. रात्री घरी येऊन ती मला तो अध्याय पुन्हा सांगायची, स्वतःच्या भाषेत, मध्ये स्वतःची मतं घालून. युधिष्ठिराने द्रौपदी पणाला लावली त्या रात्री ती एवढी चिडली होती, की तिने दिवा मालवला तरी बोलणं थांबवलं नाही. “असला कसला गं धर्मराज?” हा मराठी समीक्षेतला मी ऐकलेला पहिला प्रश्न. तो निरक्षर बाईने विचारला होता.

आमच्याकडे दुसरीही एक परंपरा आहे, पारायणाची. सप्ताहात मंडपात शंभर माणसं ‘ज्ञानेश्वरी’ घेऊन बसतात. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या ओव्या संपवायच्या. समाप्तीला काला. पारायणाचं मोल मी कमी करत नाही. अनेक बायांनी वाचायला शिकावं म्हणून धडपड केली ती पारायणाला बसता यावं यासाठीच. पण पारायणात पुण्य पूर्ण करण्यात असतं. किती झालं, किती राहिलं, हा तिथला प्रश्न. पोथीत प्रश्न असतो : पुढे काय झालं? आणि असं का झालं?

मुलांच्या वाचनाबद्दल आपण जे उपक्रम काढतो ते बहुतेक पारायणाचे आहेत. महिन्यात किती पुस्तकं, वहीत किती नोंदी, कुणाला बक्षीस. भाच्याला मी विचारलेला ‘वाचलंस का’ हाही पारायणाचाच प्रश्न होता. मुलाला गोडी लागते ती पोथीच्या वाटेने. कुणाबरोबर तरी गोष्ट ऐकून, मध्ये थांबून, भांडून, ‘उद्या’ या शब्दावर झोपून. ‘श्यामची आई’ची बांधणीही पोथीचीच आहे, आणि आपण तिचं पारायण करून टाकलं आहे.

कुणाची आई, कुणाची भाषा

एवढं म्हटल्यावर पुस्तकाच्या अडचणीही बोलायला हव्यात. नाहीतर ही समीक्षा राहणार नाही, आरती होईल.

पहिली अडचण जगाची. श्यामचं घर कोकणातलं, ब्राह्मणाचं. सोवळं, नैवेद्य, पत्रावळी, श्रीखंडाच्या वड्या, समुद्र. गेवराईच्या पोराला यातलं निम्मं परकं. परकं असणं वाईट नाही; पुस्तक वाचायचंच परक्या घरात शिरायला. पण मूल वाचायला लागतं तेव्हा कुठेतरी त्याचं स्वतःचं घरही पुस्तकात दिसावं लागतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा. बोक्या सातबंडे शहरातला. ज्या पोराची आई पाचटाच्या कोपीत भाकरी थापते, तो नायक मुलांच्या पुस्तकांत मला शोधावा लागतो.

दुसरी अडचण शिकवणीची. जवळजवळ प्रत्येक रात्री काही ना काही शिकवण हाती येते. एका रात्री ते सुंदर वाटतं, बेचाळीस रात्री सलग वाचल्या तर मूल गुदमरतं. म्हणूनही हे पुस्तक एका बैठकीत द्यायचं नसतं.

तिसरी अडचण जातीची. लाकडाची मोळी पडलेल्या महार म्हातारीला मदत करायला श्यामला आई पाठवते, ती रात्र त्या काळाच्या मानाने धीट आहे. पण ती म्हातारी श्यामच्या शिक्षणासाठी येते आणि जाते. तिची स्वतःची एकही रात्र पुस्तकात नाही. आज हा भाग मुलाबरोबर वाचताना इथे थांबायला हवं, आणि विचारायला हवं : ही गोष्ट तिने सांगितली असती तर कशी सांगितली असती? हा प्रश्न विचारल्याने पुस्तक लहान होत नाही. मूल मोठं होतं.

आणि तरीही, या पुस्तकाचा शेवटचा भाग आमच्या जिल्ह्याइतका कुणाला कळेल असं मला वाटत नाही. तो भाग कर्जाचा आहे. घर बुडत जातं. एक वस्तू असली तर दुसरी नसते. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि आजारी आईला लागेल असं बोलतो. संस्काराचं पुस्तक म्हणून आपण ‘श्यामची आई’ सांगतो तेव्हा पोहणं सांगतो, फुलं सांगतो, पायाला घाण लागू नये तसं मनाला जपणं सांगतो. कर्ज सांगत नाही, कारण कर्जातून कुठला ‘चांगला संस्कार’ काढायचा हे आपल्याला कळत नाही. पण ज्या लेकराने मुकादमाला आपल्या दारात उभं राहून उचलीचा हिशेब मागताना पाहिलंय, त्याच्यासाठी ही पानं म्हणजे घरची बातमी आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, तिकडे कोकणात, ब्राह्मणाच्या घरातल्या बाईलाही हे ऐकून घ्यावं लागलं होतं! या एका ओळखीने पुस्तक परकं राहत नाही.

भिंतीपलीकडचा आवाज

ही ओळख मी स्वतः शोधून काढलेली नाही. ती मला शेजारच्या सहावीतल्या मुलीने दाखवली.

तिचे आई-वडील तोडीला गेलेले, ती आजीजवळ. भाच्याला नको असलेलं पुस्तक तिने माझ्याकडे पाहिलं आणि मागितलं. मी दिलं. या वेळी पहिल्या पानावर काही लिहिलं नाही आणि काही विचारायचं नाही असं ठरवलं.

तिच्या आईचा फोन रात्री आठच्या सुमाराला येतो. आमची भिंत एकच, बोलणं ऐकू येतं. नेहमीचं बोलणं तेच : जेवलीस का, म्हातारीला गोळ्या दिल्या का, शाळेत गेलीस का. मग बोलायचं संपतं आणि दोघी नुसत्या फोन धरून बसतात. एका रात्री आईने विचारलं, “काय करायलीस?” पोरगी म्हणाली, “पुस्तक वाचायले.” आई म्हणाली, “मंग वाच की मोठ्यानं. मी भाकरी टाकते तवर.”

पोरगी वाचायला लागली. अडखळत, जोडाक्षरावर थांबत. स्पीकरवर तिकडून तव्याचा आवाज, कुणाच्या तरी लेकराचं रडणं, मध्येच रेंज जायची. दुसऱ्या दिवशी आईनेच विचारलं, “कालचं राहिलेलं वाच.” काही दिवसांनी आजीही जवळ सरकून बसू लागली. कोपीतली आणखी एक बाई तिकडून “हां, पुढं?” म्हणायची. महिन्याभरात पोरीचं अडखळणं कमी झालं, हे मला भिंतीपलीकडूनही कळत होतं. सराव झाला, पण सराव करायचा म्हणून झाला नाही. आई ऐकतेय म्हणून झाला.

त्या कर्जाच्या रात्री वाचून झाल्या तेव्हा तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “फिटलं का गं त्यांचं?”

पोरगी म्हणाली, “अजून पुढं आहे.”

मी माझ्या खोलीत बसून होते. मला आजी आठवली, दिवा मालवून धर्मराजाला बोल लावणारी. पोथी संपली नव्हती, ती फोनवर लागली होती.

ऐकणारा पालक

यातून पालकांना काय सांगावं? नियमांची यादी करायची नाही, कारण यादी झाली की तिचंही पारायण होतं. पण काही गोष्टी मला आता स्पष्ट दिसतात.

वाचून दाखवणारा पालक हवाच, असं नाही. ऐकणारा पालक पुरतो. निरक्षर आई आणि दूरगावचा बापही ऐकू शकतो. मूल वाचत असताना त्याची चूक लगेच दुरुस्त न करता “मग?” म्हणणं, एवढंच काम आहे. वाचता न येणं इथे एक प्रकारे सोयीचंच ठरतं : त्या आईला खरोखरच पुढचं ठाऊक नव्हतं. तिचा प्रश्न परीक्षेचा नव्हता, आणि मुलांना हा फरक ताबडतोब कळतो.

फोनला नुसतं शत्रू मानून चालणार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांतले आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारे सुमारे ७६ टक्के होते, शिक्षणाशी संबंधित कामासाठी सुमारे ५७ टक्के. म्हणजे फोन घरात आलेलाच आहे, प्रश्न आहे त्यातून काय येतं हा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर चित्रांसकट मराठी गोष्टी फुकट आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय. ‘श्यामची आई’ला पैसे चोरावे लागत नाहीत. पण मुलाच्या हातात फोन देऊन ‘वाच’ म्हणणं हे पुस्तक देऊन दार लावण्यासारखंच. शेजारी कुणीतरी बसायला हवं, नाहीतर पलीकडून कुणीतरी ऐकायला हवं. नुसत्या फोनवर विसंबलात तर तिसऱ्या मिनिटाला रील सुरू होतं, हे तुम्हाला-मला सांगायला नको.

आणि शाळेतल्या, वसतिगृहातल्या मोठ्यांसाठी एक आठवण. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. घरापासून दूर राहणाऱ्या त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहायचे. ‘श्यामची आई’ नंतर आली. त्याआधी हा माणूस आपल्या पोरांसाठी रोज लिहीत होता. आमच्याकडच्या हंगामी वसतिगृहांतही घरापासून दूर राहिलेलीच लेकरं आहेत. एक फळा, एक खडू आणि रोज त्यांच्याबद्दलच्या चार ओळी, एवढं कुणालाही जमेल. आज कुणाच्या आईचा फोन आला, कुणाच्या शेळीला करडू झालं. स्वतःचं नाव फळ्यावर दिसलं की न वाचणारं पोरही वाचायला पुढे येतं. मुलांच्या पुस्तकांत गेवराई सापडत नसेल, तर ती आधी फळ्यावर सापडू द्या.

भाच्याचं काय झालं

भाच्याशी मी तह केला. ‘श्यामची आई’ परत मागणार नाही, विचारणार नाही. त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा रात्री त्याच्या शेजारी आडवं पडून पहिली रात्र वाचायला घेतली. दोन पानांत तो झोपला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आत्या, हे रडकं आहे.” मी म्हटलं, “आहे खरं थोडं.” त्याला माझं हे कबूल करणं फार आवडलं. पुस्तक न आवडण्याची परवानगी असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग आम्ही फास्टर फेणे काढला, आणि तिथे मात्र दिवा मालवू देईना.

श्याम त्याला पुढे कधी भेटेल, न भेटेल. त्याच्या घरात कर्ज नाही, आई रोज शेजारी आहे. त्याला या पुस्तकाची अजून गरज पडलेली नाही. ज्या पोरीला गरज होती तिच्या हातात ते नेमकं पोहोचलं, आणि तेही चुकून. कुठलं पुस्तक कुठल्या मुलाचं, हे आई-बापांना आणि आत्यांना आधी कळत नाही. चार पुस्तकं हाताशी ठेवायची आणि आपण जवळ बसायचं, एवढंच आपल्या हातात.

शेजारच्या मुलीचं पुस्तक अजून संपलेलं नाही. शेवटच्या रात्री आईच्या आजारपणाच्या आहेत आणि त्या तिने थांबवून ठेवल्यात. मी विचारणार नव्हते, पण तिनेच सांगितलं. “पट्टा पडल्यावर वाचणारे. आई घरी आल्यावर. ते फोनवर नको.”